मागल्याचं पान

आमची फुई माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी आडनाव विचारायची. फुई म्हणजे वडिलांची बहीण. शाळेच्या पुस्तकात तिला आत्या म्हणतात, पण नशिराबादेत कोणी तिला आत्या म्हणून हाक मारली असती तर तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं. एकदा जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर सुई भरून उभे राहिले, तर हिने दंड आखडून घेतला. "आधी आडनाव सांगा," म्हणाली. डॉक्टर हसले. "पाटील." फुईचा चेहरा पडला. तिने दंड पुढे केला. "टोचा मग. पाटील तं अख्खा खान्देश हाये."

एस.टी.चा कंडक्टर, सिमकार्ड देणारा पोरगा, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली अनोळखी बाई, कोणाचीच सुटका नव्हती. लोकांना वाटायचं, म्हातारी जात काढते आहे. तसं कोणी तोंडावर म्हटलं की ती भडकायची. "जात घाल चुलीत. मले आडनाव सांग." समोरच्याने बोरसे, महाजन, चौधरी असं काही सांगितलं की तिचा त्या माणसातला रस तिथेच संपायचा. तिला आयुष्यभर एकच उत्तर ऐकायचं होतं, आणि ते कोणी देत नव्हतं. ते उत्तर म्हणजे आमचं आडनाव.

आमचं आडनाव धुमराळे. नीट वाचा, धुमाळ नाही. शाळेतल्या प्रत्येक नव्या मास्तरांनी मला धुमाळ केलं आणि दर वेळी फुई पदर खोचून शाळेत गेली. नशिराबादेत धुमराळ्यांचं घर एकच, आमचं. जळगावात कोणी नाही, भुसावळला कोणी नाही. नाव आलं कुठून, याबद्दल ज्याला त्याला काहीतरी ठाऊक असे. वाणी म्हणायचा, तुमचे पूर्वज गुऱ्हाळावर धूर करत असतील. धुळ्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणाले, जुनी लष्करी पदवी असावी. कोणी धुमराळ नावाचं गाव सांगायचं, पण ते कुठल्या तालुक्यात हे विचारलं की चहा मागवायचं. फुई सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "नाव कुठून आलं ते राहू द्या. कुठी कुठी गेलं, ते सांगा."

तिला हे एवढं का लागलं होतं, ते समजायचं तर कानबाईचे रोट ठाऊक हवेत. खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. पाटावर कळस, कळसावर नारळ, नारळाला डोळे, नथ, दागिने, जरीचं वस्त्र. दुसऱ्या दिवशी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. पण खरा मान रोटांचा. घरातल्या प्रत्येक पुरुषाने सुपात आपल्या मुठीने गहू टाकायचे, सव्वा मूठ. ते गहू दळायचे, त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या, आणि त्या फक्त भाऊबंदांनी खायच्या. परक्याला एक घास चालत नाही. उरलंसुरलं परसात खड्डा करून पुरायचं. ज्याची मूठ सुपात पडली, तो कुळाचा.

आणि बायांची मूठ? आमच्या कुळात ती घेतच नाहीत. लग्न न झालेली पोर रोट खाते, पण मोजत नाहीत. लग्न होऊन गेलेली लेक खातही नाही. असं का, म्हणून विचारलं की मोठी माणसं म्हणत, "असंच हाये," आणि विषय संपत असे.

अजून एक रीत होती, ती मात्र फक्त आमच्याच घरात. सगळ्यांच्या मुठी पडल्या की घरातला कर्ता पुरुष आणखी एक मूठ टाके. ती मागल्याची. पंगत बसली की शेवटी एक पान जास्त मांडत. तेही मागल्याचं. मागला म्हणजे मागे राहिलेला भाऊ. फुई ही गोष्ट सांगायची तेव्हा काल घडल्यासारखी सांगायची. फार पिढ्यांमागे दोघे भाऊ गाड्या जुंपून तापीपलीकडून जमीन शोधत निघाले. काठाशी आले आणि धाकट्याची गाय विण्याला टेकली. थोरला बायकापोरं आणि कानबाईचा नारळ घेऊन नदी उतरला. धाकटा गाईपाशी थांबला. त्याच दिवशी वर कुठेतरी पाऊस झाला आणि तापी दोन्ही थड्या भरून आली. पाणी ओसरलं तेव्हा पलीकडे कोणी नव्हतं. "तवापासून पान मांडतो आपन," फुई म्हणायची, "आला तं त्याले उपाशी बसावं लागू नये."

फुईचं लग्न पहूरला झालं होतं. काही वर्षांतच नवरा आजारपणात गेला, पोरबाळ नव्हतं. माझे वडील, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, बैलगाडी घेऊन गेले आणि बहिणीला घेऊन आले. त्यानंतर आमच्या घरचे रोट फुईच करायची. खापरावरच्या, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावरच्या, तिच्या पोळीतून पलीकडचा माणूस दिसावा, इतकी ती पातळ. पण फुई लग्न होऊन गेलेली लेक. तिला रोट वर्ज्य. पंगत बसली की ती स्वैपाकघराच्या दारात उभी राहायची आणि एकेकाला विचारायची, "गूळ बरोबर हाये का?" सगळे माना डोलवायचे. मी लहानपणी विचारलं, "फुई, तूच खाऊन बघ ना." तर म्हणाली, "मी रांधते, तुमी गिळा. मधी बोलू नको." दर वर्षी तोच प्रश्न, आणि दर वर्षी ती कपाळावरचा घाम पुसत उत्तराची वाट बघायची.

आजोबांच्या काळी म्हणे सूप काठोकाठ भरायचं. मग एक काका बिनलग्नाचे गेले, दुसऱ्यांना मूल झालं नाही, आणि मी कळती झाले तेव्हा सुपात दोनच मुठी पडत होत्या: नानांची एक आणि मागल्याची एक. पीठ वाटीभर निघायचं. नानांना मी एकटीच. नाना स्वभावाने मऊ. एका श्रावणात सुपाकडे बघत ते म्हणाले, "माझ्यामागं बंदच होईल हे. कानबाईलाही कळतं. चालायचंच." फुई खापर पुसत होती. ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, "चालायचं? काय म्हनून चालायचं? मी हाये तोवर ह्या घरचे रोट बंद पडायचे नाहीत. मागला कुठंतरी असंन. त्याची पोरं असतीन. मी हुडकते."

नाना हसले. बहिणीचा स्वभाव ठाऊक असूनही हसले. पुढे कित्येक वर्षं त्यांना एस.टी.च्या तिकिटांना पैसे द्यावे लागले, तेव्हा त्यांचं हसू गेलं.

माझं लग्न धुळ्याला झालं. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्या मुलीचं नवं नाव लिहितात. नवरदेवाने अंगठीने माझं नाव लिहिलं आणि आडनावाला हात घातला, तोच फुईने त्याचं मनगट धरलं. भर मांडवात. "जावाई, नाव काय पाहिजे ते ठेवा. आडनाव राहू द्या, आमच्याकडं आता जास्त उरली नाहीत." मांडवात हशा झाला, सासूबाईंचं तोंड वाकडं झालं, आणि माझा नवरा, भला माणूस, "बरं" म्हणाला. मी आजही ऑफिसात धुमराळेच आहे. गंमत म्हणजे फुई स्वतः कागदोपत्री पाटील होती. आधार कार्डावर तसंच होतं. ते कार्ड ती उलटं धरून दाखवायची.

शोधायची तिची एक पद्धत होती आणि ती कधी मोडली नाही. कोणी धुमराळे आहे असं कळलं की ती तिथे जायची, पाणी प्यायची, आणि "तुम्ही आमचे का?" हे चुकूनही विचारायची नाही. ती विचारायची, "कानबाईच्या पंगतीत काय काय मांडता, ते सांगा." आणि मग गप्प. मागल्याचं पान ती स्वतः होऊन कधी तोंडातून काढायची नाही. मी म्हटलं, "फुई, जरा सुचव तरी त्यांना." ती म्हणाली, "मी सांगितलं तं कोनीबी हो म्हनंन. गोड खायले कोन नाही म्हनतं?"

धुळ्यात एका वकिलांच्या पाटीवर धुमराळे लिहिलेलं मी पाहिलं आणि फुईला फोन केला. ती पहिल्या गाडीने आली. वकील अगत्याने बोलले, चहा झाला, बिस्किटं झाली. मग कळलं की त्यांच्या वडिलांनी जुनं आडनाव आवडत नव्हतं म्हणून हे कुठूनसं ऐकून घेतलं होतं. घरात कानबाई बसतच नव्हती. फुईने कपातला चहा पूर्ण संपवला, बशी नीट ठेवली आणि मला म्हणाली, "ऊठ व माय. आडनाव हाये, रोट नाही." जिना उतरताना मात्र तिने कठडा घट्ट धरला होता.

मी मोबाइलवर आडनाव टाकून शोधायची. दोन-चार नावं निघायची, कोणी पुण्यात, कोणी परदेशात, फोटोत गॉगल घातलेला. मी उत्साहाने फोन तिच्या पुढे धरायची. ती डोळे बारीक करून बघायची. "ह्याले विचार, रोट करतो का." मी विचारलंही. एकाने उत्तर दिलं, रोट म्हणजे काय? फुईने फोन माझ्या हातात परत दिला आणि भेंड्या चिरायला घेतल्या.

मग तिला एस.टी. स्टँडची युक्ती सुचली. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत माणूस बसतो, भोंग्यावर गाड्या सांगतो. फुई त्या खिडकीशी जायची आणि म्हणायची, "पुकारा: धुमराळे आडनावाचं कोनी असंन तं खिडकीपाशी यावं." जळगावला एकाने हाकललं, पाचोऱ्याला एकाने ऐकलं. धुळ्याला मी सोबत होते आणि लाजेने पार खांबामागे उभी होते. खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, हे हरवलेल्या माणसांसाठी असतं." फुई म्हणाली, "मंग? हरवलेलेच तं हुडकते मी." त्याला हसू आलं आणि त्याने पुकारलं. असं ती धुळ्याला येईल तेव्हा करायची. तो माणूस पुढे पुढे तिला लांबून पाहूनच माइक हातात घ्यायचा.

आणि एका दुपारी, शिरपूरची गाडी लागलेली असताना, एक बाई पिशवी सांभाळत धावत आली. चाळिशीची असेल, घामाघूम, बोली अहिराणी. "कोन बलावस? मी धुमराळेस्नी सून शे. काय व्हयनं? घरमा काही व्हयनं का?" बिचारीला वाटलं, काही अशुभ निरोप आहे. मी तिला धीर दिला, बाकावर बसवलं, पाणी दिलं. फुईने श्वास घेतला आणि आपला नेहमीचा प्रश्न विचारला: कानबाईच्या पंगतीत काय काय मांडता?

बाई गोंधळली, पण सांगू लागली. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, कटाची आमटी. हे सगळं खान्देशात घरोघर असतं. फुई ऐकत होती. बाई थांबली. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती म्हणाली, "बठ्ठास्ना पान मांडाई गयात का आम्हीन एक पान जास्तीनं मांडतस."

"कोनाचं?" फुईचा आवाज मला ओळखू आला नाही.

"पुढे गया त्यानं. मोठा भाऊ नदी उतरीसन पुढे गया, परत उना नही. त्यानं."

फुई मटकन खाली बसली, कोणाच्या तरी कांद्याच्या गोणीवर. तिने त्या बाईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि रडायला लागली. शिरपूरची गाडी सुटली. चौकशीच्या खिडकीतला माणूस खुर्चीवरून अर्धा उठून बघत होता. मी त्याला हाताने खूण केली, मिळाले. त्याने भोंग्यावर काही पुकारलं नाही, पण दोन चहा पाठवले.

पुढच्याच रविवारी आम्ही तापीच्या पुलावरून त्या बाईच्या गावाला गेलो. फुई पुलावर गाडी थांबवायला लावून पाण्याकडे बघत बसली. तिथे धुमराळ्यांची पाच-सात घरं, एका ओळीत. त्यांच्यातले सगळ्यात वडीलधारे आबा, धोतर-टोपीतले, काठी टेकत अंगणात आले. फुई वाकली तर त्यांनी तिला वाकू दिलं नाही. "बहीण, तुम्हीन आम्हले मागला म्हनतस?" ते म्हणाले. "आम्हीन तं पिढ्या व्हयन्यात, तुम्हनी वाट देखी राह्यनूत." आणि तासाभरात दोघांचं कडाक्याचं भांडणही झालं. फुईचं म्हणणं, धाकट्याने गाय सोडून यायला हवं होतं. आबांचं म्हणणं, थोरल्याने चार दिवस काठावर थांबायला काय झालं होतं? कोणी कुठल्या काळी केलेल्या गोष्टीवरून दोन म्हातारी माणसं अशी तावातावाने बोलत होती की नानांना मध्ये पडावं लागलं. जेवताना फुईने आबांच्या पानात आपल्या हाताने तूप वाढलं.

त्या श्रावणात आबा आपली सगळी माणसं घेऊन नशिराबादला आले. जीपगाड्या भरून आले. आमच्या अंगणात इतके धुमराळे एकदम कधी उभे राहिले नव्हते. नानांनी सूप पुढे केलं. आबांची मूठ पडली, त्यांच्या पोरांची, नातवांची, एका मांडीवरच्या बाळाची मूठ आजीने धरून टाकवली. सूप भरलं. फुई खापर पुसायचं सोडून दारात येऊन बघत होती. तिचा चेहरा मी तसा त्याआधी पाहिला नव्हता.

आणि मग आबा सहजपणे, चांगल्या मनाने, जे बोलले त्याने सगळं उलटं झालं. ते म्हणाले, "बहीण, पुढला सालपाईन कानबाई आम्हनाकडे येवू द्या. आठे नाना नंतर कोन शे?" पुढल्या वर्षापासून देवी त्यांच्याकडे, यात वाईट काही नव्हतं. रीतच तशी होती. जिथे मुठी, तिथे देवी. अंगणातल्या सगळ्यांनी माना डोलवल्या. नानांनीही.

मी फुईकडे पाहिलं. ज्या घरचे रोट बंद पडू नयेत म्हणून ती वर्षानुवर्षं उन्हातान्हात गाड्या बदलत हिंडली, त्याच घरातून तिने हुडकून आणलेली माणसं कानबाई उचलून नेणार होती. तिने कोणाला दोष द्यायचा?  ती हात पदराला पुसत अंगणात आली, थेट सुपापाशी, आणि मला हाताला धरून पुढे ओढलं.

"आबा, हिची मूठ घ्या."

कोणी तरी म्हणालं, लेकीची मूठ घेत नाहीत, आणि ही तर लग्न झालेली. फुईने तिकडे पाहिलंच नाही. ती आबांशी बोलत होती. "आडनाव हिचं अजून धुमराळे हाये. मी मांडवात जावयाचं मनगट धरून ठेवून घेतलं. हिच्यामागं हे घर बंद होनार नाही."

"बहीण, रीत शे," आबा हळूच म्हणाले.

"रीत मले नका सांगू. ह्या घरचे रोट मीच करत आली." फुईचा आवाज चढला. "मले एक सांगा. आमी मागल्याची मूठ घेत होतो, तुमी पुढल्याची. त्याले तुमी पाह्यलं होतं? त्याचं नाव ठाऊक होतं? जिता हाये का मेला, ते तरी ठाऊक होतं? तरी पिढ्यान् पिढ्या त्याची मूठ घेतली, त्याचं पान मांडलं. अन् ही समोर उभी हाये. हिचं नाव ठाऊक हाये. हिची मूठ काहून नाही?"

  आबा काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत राहिले. मला वाटलं, आता ते उठतील, जीपगाड्या सुरू होतील, आणि इतक्या वर्षांनी सापडलेली माणसं पुन्हा पलीकडच्या काठावर जातील. फुईची पकड माझ्या मनगटाला रुतत होती. मला भीती वाटत होती, पण तिने हात सोडावा असं मुळीच वाटत नव्हतं.

आबांनी सूप उचललं. नानांच्या हातून घेऊन स्वतः उचललं आणि माझ्यापुढे धरलं. "मूठ भर, आंडेर," ते म्हणाले. आंडेर म्हणजे लेक. "दाबीसन भर."

मी घाईत मूठ उघडली आणि अर्धे गहू बाहेर सांडले. फुईने ते एकेक वेचून सुपात टाकले आणि मला म्हणाली, "नीट भर की. चिमूट कायले टाकते?" तेव्हा अंगण हसलं, आणि ठरलं: कानबाई एक श्रावण इथे, एक श्रावण पलीकडे.

पंगत बसली तेव्हा मागल्याच्या पानाचं काय करायचं, हा प्रश्न आला. मागलाही सापडला होता आणि पुढलाही. आबा म्हणाले, त्या पानावर बहिणीने बसावं. सगळ्यांनी तिला आग्रह केला. फुई दारातून हलली नाही. "मी माझ्यासाठी भांडायले आली नव्हती," ती म्हणाली. "तसं म्हनाल तं मी पाटील हाये. अन् मले साखर हाये, डॉक्टरनं गोड बंद केलं." साखर होती हे खरं. पण चोरून जिलबी खाताना मी तिला पाहिलेलं आहे. मला वाटतं, स्वतःसाठी काही मागितलं असं कोणी म्हणू नये, एवढंच तिला जपायचं होतं. पान त्या वर्षी मांडलं आणि रिकामंच राहिलं. फुईने दारातून विचारलं, "गूळ बरोबर हाये का?" तेवढ्या सगळ्या माणसांनी एकदम हो म्हटलं, तेव्हा ती दचकलीच.

त्यानंतरही तिने आडनाव विचारणं सोडलं नाही. मी म्हटलं, फुई, आता सापडले ना? तर म्हणे, "दोघंच भाऊ होते कशावरून? तिसरा असंन." तिच्या या हट्टापायी सेंधव्याच्या बाजूला आणखी एक घर सापडलं. आता मोबाइलवर आमचा ग्रुप आहे, त्यात रोज सकाळी फुलांची चित्रं येतात आणि माझं डोकं उठतं.

फुई गेल्या हिवाळ्यात गेली. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात नवी नर्स आली, तर हिने ऑक्सिजनची नळी बाजूला करून तिला आडनाव विचारलं. नर्स म्हणाली, "पाटील." फुईने माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. मी हसले, आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन खूप रडले.

यंदाचा श्रावण नशिराबादचा होता. स्वैपाक माझ्याकडे आला. फुईसारखी पोळी मला जमत नाही. खापरावर टाकताना दोन फाटल्या. नैवेद्याआधी चाखायचं नाही, त्यामुळे पुरणात गूळ किती पडला, मला कळेना. त्याआधी, सकाळी, सूप अंगणात आलं होतं. नाना आता काठी घेऊन चालतात, त्यांची मूठ पडली. आबांची पडली. माझी पडली, दाबून भरलेली. मग मी पुन्हा हात घातला आणि आणखी एक मूठ टाकली.

आबांनी वर पाहिलं. "ही कोनी?"

"मागलीची," मी म्हटलं.

 आबांनी डोळ्यांना उपरण्याचं टोक लावलं आणि सूप पुढच्याकडे सरकवलं.

पंगतीत शेवटचं पान मी स्वतः मांडलं. ते स्वैपाकघराच्या दाराला लागून मांडलं, जिथे ती उभी राहायची. नैवेद्य झाल्यावर पहिली पोळी त्या पानावर वाढली, वर तूप सोडलं. इतक्या वर्षांत तिने केलेल्या रोटांचा एक घासही तिच्या पोटात गेला नव्हता. सगळे माझ्यासाठी थांबले होते, पानावर हात ठेवून. मी त्या पानापाशी बसले आणि तिला विचारलं, "फुई, गूळ बरोबर आहे का?"